संस्थापकाचं पान लिहायचंय, पण घरात पिग्मीची वही आहे

पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

ताई, मी ३१ वर्षांचा, बेळगाव तालुक्यातला. पाच-सहा वर्षं झाली मराठी विकिपीडियावर लिहितो, आधी आपली गावं, यात्रा, किल्ले अशी पानं केली. वडील वीस वर्षं एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते, रोज दारोदार फिरून ठेव गोळा करायचे. संस्थेच्या शाखा बेळगाव, खानापूर, निपाणी आणि तिकडं कोल्हापूर जिल्ह्यात पण. काही वर्षांपूर्वी ठेवी परत द्यायच्या बंद झाल्या, संस्थापकांना अटक झाली, जामीन मिळाला, केस चालू आहे. वडिलांच्या शब्दावर पैसे भरलेले लोक अजून घरी येतात. विकिपीडियावर संस्थेचं एक पान आहे, संस्थापकांचं वेगळं एक आहे. तिथं आज कोणीतरी 'सहकारमहर्षी' लिहितो, उद्या दुसरा कोणीतरी ते खोडून 'महाठग' लिहितो. मी दोनदा केसची माहिती घातली, दोन्ही वेळा उडवली. परवा माझे शाळेतले सर घरी आले, ते संस्थापकांच्या जवळचे. म्हणाले तू जाणकार आहेस, पान जरा बॅलन्स कर, अर्धं चांगलं अर्धं वाईट, वडिलांचं अडकलेलं कमिशन पण बघता येईल. वडील म्हणतात नाद सोड. मला वाटतं आतलं सगळं मलाच माहीत आहे, मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? काय करू?

उत्तर:

बाळा, तू म्हणूनच लिहिते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना विकिपीडिया बाजूलाच राहिला, मला तुमच्या दारातली चपलांची जोडी दिसायला लागली. संध्याकाळी कोणीतरी येऊन बसलंय, आईनं चहा ठेवलाय, आणि तो माणूस पैशाचं काहीच बोलत नाही, पाऊस कसा आहे, पोरगं काय करतंय एवढंच विचारून उठून जातो. आमच्या गल्लीत एक पिग्मी गोळा करणारी बाई होती, तिच्या घरी मी हे बघितलंय, शिव्या देणाऱ्यांपेक्षा हे गप्प बसणारेच तिला जास्त लागायचे. पिग्मीची गोष्टच तशी आहे. १९२८ मधे तिकडं उडुपीला सिंडिकेट बँकेनं ही रोजची दोन-दोन आण्यांची ठेव सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडं भाजीवाली, न्हावी, हातमागवाला, बिडी वळणारी बाई, सगळ्यांनी पैसे दिले ते बँकेचा बोर्ड बघून नाही, रोज दारात येणाऱ्या माणसाचा चेहरा बघून. त्यामुळं संस्था बुडली की चेअरमनच्या बंगल्यावर जायच्या आधी लोक तुमच्या ओसरीवर येतात, आणि हे सगळं पोटात ठेवून तू तटस्थ लिहायला बसलायस. ते तुला जड जातंय, आणि जड जाणारच.

आता तुझ्या पत्रात दोन गोष्टी तू धरूनच चाललायस, त्या जरा उलगडून बघू. पहिली सरांनी तुझ्या डोक्यात घातलेली, बॅलन्स म्हणजे अर्धं चांगलं अर्धं वाईट. दुसरी तुझी स्वतःची, ज्याला आतलं माहीत त्यानंच लिहावं.

बॅलन्सचं आधी घेते, कारण आपण सीमाभागातली माणसं, दोन बाजू म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. बेळगाव कुणाचं यावर विश्वकोशात लिहायचं झालं तर महाराष्ट्राचं म्हणणं असं, कर्नाटकाचं म्हणणं असं, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल असा, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, एवढं सगळं शांतपणे मांडता येतं आणि लिहिणाऱ्यानं निकाल द्यायची गरज पडत नाही. इथं खरोखर दोन दावे आहेत, म्हणून दोन्ही मांडायचे. पण संस्थेनं ठेवी परत द्यायच्या थांबवल्या हा काही एका बाजूचा दावा नाही ना. ती घडलेली गोष्ट आहे, तारखेसकट. त्याच्या समोर "मात्र काहींच्या मते संस्था उत्तम चालली होती" असं वाक्य ठेवलं म्हणजे बॅलन्स झालं असं नाही, ते धूळफेक झालं. उलट संस्थापकांनी ते पैसे मुद्दाम खाल्ले की धंदा बुडाला, हा मात्र दावा आहे आणि तो अजून कोर्टात आहे, तिथं दोन्ही बाजू लिहिल्याच पाहिजेत. म्हणजे एकाच पानावर एक वाक्य सरळ सांगायचं आणि दुसरं "फिर्यादींचं म्हणणं, बचाव पक्षाचं म्हणणं" असं सांगायचं, आणि कुठलं वाक्य कुठल्या खणातलं हे ओळखणं हेच निम्मं काम आहे.

आणि कशाला किती जागा द्यायची तेही सर म्हणतात तसं तराजूनं ठरत नाही. बाहेरच्या, भरवशाच्या, ज्यांचा ह्यात पैसा अडकला नाही अशा लोकांनी ज्या गोष्टीवर जेवढं लिहिलंय त्या मानानं जागा. संस्थेवरच्या दहा चांगल्या बातम्यांपैकी आठ ठेवीदारांबद्दल असतील तर पानाचा मोठा भाग त्याचाच होणार, त्याला कोणी पक्षपात म्हणू शकत नाही. पण उरलेल्या दोन बातम्या समजा सुरुवातीच्या काळात संस्थेनं बिडी कामगार बायकांना कमी व्याजानं कर्ज दिलं त्याच्या असतील, तर तेही तिथं राहिलं पाहिजे, आणि तू एजंटाच्या घरातला असलास तरी ते तुला खोडता येणार नाही. इथं तुझी खरी परीक्षा आहे बघ. सरांना नाही म्हणणं त्यामानानं सोपं आहे.

विशेषणांचं काय करायचं ते सांगते. 'सहकारमहर्षी' आणि 'महाठग' ह्या दोन्हींत मला एकच चूक दिसते, दोघांनीही वाचणाऱ्याच्या वतीनं ठरवून टाकलंय. चांगल्या माणसाचं चांगलं काम विशेषण न लावता लिहिता येतं. आपल्याच भागातलं उदाहरण घे, गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी १९०५ मधे सहकारी पतसंस्था सुरू केली, १९०४ चा कायदा आल्यावर लगेच, आणि ती देशातली पहिली मानली जाते. हे एवढंच वाक्य वाचून माणूस मान डोलावतो की नाही? महर्षी लिहायची गरजच पडत नाही. वाईटाचंही तसंच, "अमुक तारखेपासून ठेवी परत देणं थांबलं, अमुक कलमाखाली गुन्हा नोंदला, अमुक महिन्यात अटक, अमुक महिन्यात जामीन, खटला प्रलंबित" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

मोठं उदाहरण हवं असेल तर सहारा समूह आणि त्याचे प्रमुख सुब्रत रॉय यांचं बघ, कारण तिथं माणसं सर्रास चुकीचं लिहितात. ३१ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये १५ टक्के व्याजासकट परत करायला सांगितले. ते झालं नाही, कोर्टात हजर राहिले नाहीत, म्हणून २०१४ मधे रॉय यांना तिहारमधे पाठवलं, मे २०१६ मधे पॅरोलवर बाहेर आले, १४ नोव्हेंबर २०२३ ला वारले. आता लोक काय लिहितात, "घोटाळ्यात शिक्षा झाली". तशी शिक्षा त्यात झाली नव्हती, कोर्टाचा आदेश पाळला नाही म्हणून कोठडी होती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जो माणूस हा फरक सांभाळून लिहितो त्याच्यावर पुढं कोणाला बोट ठेवता येत नाही. त्याच पानावर एअर सहारा येते जी २००७ मधे जेटला विकली, २००१ ते २०१३ भारताच्या क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं नाव येतं, आणि जुलै २०२३ मधे केंद्रानं सहाराच्या चार मल्टिस्टेट सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी उघडलेलं परताव्याचं पोर्टलही येतं. सगळं एकाच काळाच्या ओळीत. वर कौतुक आणि तळाला 'वाद' नावाचा उकिरडा, असं पान करू नको, कारण तसं केलं की निम्मे लोक वरचंच वाचून जातात आणि उरलेले तळाला रोज काहीतरी टाकत बसतात.

आता तुझ्या संस्थेच्या पानावर मी असते तर सगळ्यात आधी पहिली ओळ तपासली असती. ती संस्था नेमकी काय आहे? आपल्याकडं सगळ्याच सोसायट्यांना लोक तोंडानं बँक म्हणतात, 'बँकेत जाऊन येतो' म्हणून पतसंस्थेत जातात. पण कर्नाटकाच्या १९५९ च्या सहकार कायद्याखालची सोसायटी वेगळी, १९९७ च्या सौहार्द कायद्याखालची वेगळी, आणि दोन राज्यांत शाखा असलेली २००२ च्या मल्टिस्टेट कायद्याखालची, जिचे रजिस्ट्रार दिल्लीत केंद्राचे, ती आणखी वेगळी. ह्यातली पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेली बँक नव्हे, आणि बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासूनचा, तो पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही. पानाच्या पहिल्या ओळीत 'बँक' असा शब्द राहिला असेल तर तो सगळ्यात मोठा असमतोल आहे, महर्षी आणि ठग दोन्हींपेक्षा मोठा, कारण उद्या कोणीतरी असंच पान वाचून पैसे ठेवायचे की नाही ते ठरवतो. ह्या एका शब्दासाठी चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडून संपादक आपसात बोलतात त्या पानावर, जेवढा वेळ घालवावा लागेल तेवढा घालव.

संस्थापकांच्या पानाचं जरा वेगळं आहे. ते जिवंत आहेत, त्यांच्यावर अजून दोष सिद्ध झालेला नाही. जिवंत माणसाबद्दल विकिपीडियाचे नियम जास्त कडक आहेत ते तुला माहीत आहेच, पण राग आला की ते आपल्याला जाचक वाटायला लागतात म्हणून परत सांगते. संदर्भ नसलेलं वाईट वाक्य 'संदर्भ हवा' अशी खूण लावून ठेवायचं नसतं, थेट काढायचं असतं. आरोप लिहायचा तर एकापेक्षा जास्त चांगल्या बातम्यांत आलेला पाहिजे, आणि त्यांनी तो नाकारला असेल तर तेही त्याच परिच्छेदात. बायकोचं नाव, मुलीचं सासर, ह्यातलं काहीही नको. आणि तुझ्याकडं एफआयआरची झेरॉक्स असेल, वडिलांमुळं असणारच, ती संदर्भ म्हणून चालत नाही. खरी आहे हे मान्य, पण पोलिसांचे, कोर्टाचे कच्चे कागद उचलून आपणच त्यातून जिवंत माणसाबद्दल निष्कर्ष काढायचे हे विश्वकोशाचं काम नाही, बातमीदारानं ते वाचून, दुसऱ्या बाजूला विचारून छापलं की मग ते आपलं.

खरंतर मी आणखी एक विचारेन. त्यांचं वेगळं पान हवंच का? संस्था सोडून त्यांच्याबद्दल बाहेर कोणी सविस्तर लिहिलंय का? नसेल तर ते पान संस्थेच्या पानात विलीन करा असा प्रस्ताव चर्चेत मांडता येतो. महर्षी विरुद्ध ठग ही लढाई बऱ्याच वेळा अशा पानावर चालते जे मुळात व्हायलाच नको होतं.

संदर्भांबद्दल मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, ती अजून मनाला लागून आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका संस्थेच्या संस्थापकांची एकसष्टी होती, नाव कशाला सांगू, गौरवग्रंथ निघाला आणि त्यात एक लेख माझा होता. मला एक कागद दिला होता मुद्द्यांचा, त्यात होतं की १९७२ च्या दुष्काळात त्यांनी घरातलं धान्य गावाला वाटलं. मी ते छान रंगवून लिहिलं, पोती किती, बैलगाडी कशी, सगळं माझ्या मनानं. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्यांची थोरली बहीण माझ्या शेजारी बसली होती, वरणात तूप वाढून घेताना म्हणाली, त्या वर्षी आम्हीच रेशनच्या रांगेत असायचो गं, मिलो ज्वारी मिळायची लाल, तिची भाकरी तुटायची. मी काहीच बोलले नाही. पुढं ते वाक्य एका पेपरच्या वाढदिवस पुरवणीत आलं, तिथून इंटरनेटवर गेलं, आणि काही वर्षांनी कोणीतरी मला दाखवलं तेव्हा त्याला खाली त्या पुरवणीचा संदर्भ जोडलेला होता. माझ्या मनची बैलगाडी, आणि आता तिला पुरावा. मी ते काढायला सांगितलं, काढलं पण, पण किती जागी पोचलं असेल कोणाला माहीत.

म्हणून सांगते, गौरवग्रंथ, स्मरणिका, वार्षिक अहवाल, पानभर जाहिरात पुरवणी, "आमच्या प्रतिनिधीकडून" असलेला सत्कार वृत्तांत, ह्यातून संस्थेची स्थापना कधी झाली, शाखा किती एवढं फार तर घ्यायचं, कौतुक घ्यायचं नाही. आणि उलट्या बाजूनं ठेवीदार संघटनेचं पत्रक, व्हॉट्सअॅपवरचे आकडे, आंदोलनातलं भाषण, ह्यातली बुडालेली रक्कम पण घ्यायची नाही. दर भाषणात ती वाढते.

दुसरं, फक्त मराठी पेपर बघून लिहू नको. आपल्या बऱ्याच मराठी संपादकांकडून हे होतं आणि त्यात वाईट हेतू नसतो, पण अशा केसेसमधे पोलिसांची, कोर्टाची बातमी कन्नड पेपरांत जास्त तपशिलात येते, आणि कोल्हापूरकडच्या शाखांची मराठीत. एक बाजू वाचून लिहिलं तर निम्मी संस्था पानावर येतच नाही. कायदे पण दोन लागतात, तिकडं महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, इकडं कर्नाटकाचा २००४ चा. दोन राज्यांत दोन वेगळ्या कारवाया असतील तर त्या एकत्र कालवून "गुन्हा दाखल" एवढंच लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला चुकवणं. तुला कन्नड वाचता येतं ना? आपल्या पोरांना बहुतेक येतंच. ते पानाच्या कामी लाव.

आता तुझी दुसरी गोष्ट, आतलं मलाच माहीत आहे. खरंय रे. पण बघ, तुझी जी खात्री आहे तीच अडचण आहे. तुला संस्थापक आठवतात ते तुझ्या बाबांना एजंट मेळाव्यात घड्याळ देताना, आणि नंतर फोन न उचलताना. त्यातलं एकही वाक्य दुसऱ्या कोणाला तपासून बघता येत नाही. आणि तू कितीही काटेकोर लिहिलंस तरी ज्या दिवशी कोणाला कळेल की हा त्या एजंटचा मुलगा, त्या दिवशी तुझी खरी वाक्यंही खोटी ठरवली जातील. त्यांना पान पुसायला तूच कारण दिल्यासारखं होईल. तू दोनदा घातलेली माहिती उडवली गेली म्हणतोस, मला आतून वाटतं तिसऱ्यांदा तू घालू नयेस.

सरांच्या बोलण्यातला धोका तर त्याहून मोठा आहे, "कमिशनचं बघता येईल". हे ऐकल्यावर तू एक ओळ जरी बदललीस तरी तो मोबदला घेऊन केलेला बदल होतो. २०१४ पासून विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, अटींमधे स्पष्ट आहे की पैसे किंवा कुठलाही मोबदला घेऊन लिहिणाऱ्यानं कोणासाठी लिहितो ते उघड सांगितलं पाहिजे. आपल्या देशातलंच उदाहरण आहे, आयआयपीएम ह्या मॅनेजमेंट शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी पानावर एक नावाजलेला संपादक, स्वतः प्रचालक म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार मिळालेला, वर्षानुवर्षं टीका बाजूला सारत होता, शेवटी २०१५ मधे विकिपीडियाच्याच लवादापुढं प्रकरण जाऊन त्याच्यावर बंदी आली. तोपर्यंत ते पान किती पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी अॅडमिशनच्या आधी वाचलं असेल विचार कर. मऊ, सभ्य, संदर्भांसकट केलेलं पान होतं ते. शिव्या लगेच दिसतात, कोणीतरी काढतो. असं गुळगुळीत बॅलन्स केलेलं पान मात्र बरीच वर्षं टिकतं.

मग काय करायचं. पान लिहायचं सोडायचं, पण पान सोडायचं नाही. चर्चा पानावर जा आणि तुझ्याच नेहमीच्या खात्यानं, नवीन खातं काढून नाही, सरळ लिही: "माझ्या कुटुंबाचा ह्या संस्थेशी आर्थिक संबंध होता आणि पैसे अडकलेले आहेत, म्हणून मी हे पान स्वतः संपादित करणार नाही. खालील बातम्यांचा विचार करून ही वाक्यं घालावीत अशी विनंती." एजंट, वडील, गाव काही सांगायची गरज नाही, संबंध आहे एवढं पुरे. मग एकेक वाक्य, त्याच्यासमोर पेपरचं नाव, तारीख, कन्नड असेल तर दोन ओळींचा मराठी अर्थ. संस्थापकांच्या बाजूची वाक्यं पण तूच सुचव, त्यांच्या वकिलांचं म्हणणं छापून आलं असेल तर ते पहिल्यांदा ठेव. कोणी बघत नसेल तर चावडीवर, सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, लिंक टाक, एखाद्या प्रचालकाला सांग, ज्याचं बेळगावशी काही देणंघेणं नाही असा, सोलापूरचा किंवा विदर्भातला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे पण नियमित काम करणारे थोडेच, त्यामुळं आठवडे जातील, जाऊ देत. महर्षी-ठग चालू राहिलं तर पान काही दिवस अर्धसुरक्षित करा, म्हणजे नव्या आणि निनावी लोकांना बदलता येणार नाही, एवढीच मागणी कर.

उघडपणे वागायला सांगते त्याला आणखी एक कारण आहे, भीती घालायला नाही सांगत. २०२४ मधे एएनआय वृत्तसंस्थेनं आपल्यावरच्या पानासाठी विकिमीडियावर दिल्ली हायकोर्टात २ कोटींचा दावा लावला, त्यात कोर्टानं संपादन करणाऱ्यांची माहितीही मागितली. त्या खटल्यावरचं जे वेगळं पान होतं ते काढायचा आदेश मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं रद्द केला, ते चांगलंच झालं, पण टोपणनावामागं आपण कायम लपलेलो राहतो हा भ्रम नको. नवीन न्याय संहितेत मानहानी कलम ३५६ मधे आहे. जो माणूस चर्चा पानावर नुसत्या छापील बातम्या मांडतो त्याला झोप लागते, जो रात्री दोनला 'महाठग' लिहितो त्याला नाही.

सरांना काय सांगायचं ते तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात तेच आहे, शाळेतले सर म्हणजे तोंडावर नाही म्हणवत नाही. असं म्हण, सर, तुमच्याकडं संस्थेच्या चांगल्या कामाच्या बातम्या असतील, पेपरात छापून आलेल्या, पुरवणीतल्या नाही, तर मला द्या, मी त्या चर्चा पानावर तुमच्या नावाशिवाय मांडतो. बाबांच्या कमिशनचं त्यांचं ते कायद्यानं होईल. बस. खरंच चांगल्या बातम्या घेऊन आले तर शब्द पाळ. नाही आले तर तुला उत्तर मिळालं.

आणि हे मी विकिपीडियावाली म्हणून नाही, शेजारच्या त्या पिग्मीवाल्या बाईला बघितलेली म्हणून सांगते. मला तुझ्या पत्रात सारखं वाटत राहिलं की त्या पानावर एक खरं वाक्य राहिलं तर घरी येणाऱ्या माणसांना तोंड देता येईल असं तुला वाटतंय. त्या लोकांतले किती जण विकिपीडिया उघडतात? त्यांना पाहिजे ते कागद वेगळे आहेत. कर्नाटकाच्या त्या २००४ च्या ठेवीदार कायद्याखाली सरकार सक्षम प्राधिकारी नेमतं, तो जप्त मालमत्ता बघतो, ठेवीदारांचे दावे घेतो, विशेष कोर्ट त्याच्यावर असतं. तुमच्या केसमधे तो कोण, दावे मागवलेत का, मुदत कधीची, हे डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसमधे जाऊन लेखी विचार, माहिती अधिकारात विचार. कोल्हापूरकडच्या शाखेतली पावती असेल त्याला तिकडची वाट सांग. तुझ्या बाबांच्या गिऱ्हाइकांतल्या किती म्हाताऱ्या बायकांनी अजून दावाच भरला नसेल, फॉर्म कन्नडमधे म्हणून, पावती सापडत नाही म्हणून. तुला फॉर्म भरता येतो, स्कॅन करता येतं, संदर्भ नीट लावायची सवय आहे. ओसरीवर एक टेबल टाक आणि रविवारी बस. आणि बाबांना शेजारी बसव, ते 'नाद सोड' म्हणतात ते थकून म्हणतात.

त्यांच्याकडं पिग्मीची वही असेलच, नाहीतर मशिनच्या त्या बारीक छापील पावत्या. त्या पावत्यांची शाई उन्हात, पाकिटात, वर्षा-दोन वर्षांत उडते, कोरा कागद राहतो. आज रात्रीच सगळ्यांचे फोटो काढ, पान नंबर आणि तारीख दिसेल असे, दोन झेरॉक्स कर, एक सेट मामाकडं नाहीतर बहिणीकडं ठेव. मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नको, दाखवायला मागितली तरी, सरांच्या तर नाहीच.